संडूर : डोंगरांच्या ओंजळीतले चिमुकले राज्य

युरोपच्या सहलीला जाऊन आलेले आपले स्नेही सान मारिनो किंवा लिख्टेनश्टाइन या देशांविषयी मोठ्या कौतुकाने बोलतात. पहिल्याचे क्षेत्रफळ अवघे ६१ चौरस किलोमीटर, दुसऱ्याचे १६०. न्याहारी करून निघावे आणि जेवणाच्या वेळेपूर्वी देश ओलांडून पलीकडे जावे, अशी ही चिमुकली राष्ट्रे! त्यांची टपाल तिकिटे आपण जपून ठेवतो, त्यांच्या किल्ल्यांची छायाचित्रे भिंतीवर लावतो. परंतु मळमड्डीपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, या दोन्ही देशांहून आकाराने मोठे असे एक मराठी राज्य सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या कालपटावर नांदून गेले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या राज्याचे नाव संडूर. जुन्या मराठी लिखाणात ते ‘सोंडूर’ असेही आढळते.

हुबळीहून गदग, कोप्पळ असे करीत गाडी होसपेटला पोहोचते. बहुतेक प्रवासी तेथून हंपीची वाट धरतात. हंपीकडे पाठ करून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटर गेले की डोंगरांच्या दोन समांतर रांगा लागतात आणि त्यांच्या मधोमध एक लांबट, अरुंद खोरे उलगडते. हेच संडूर. क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मैल, म्हणजे चारशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. १९०१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास होती. आज आपल्या जुळ्या शहरांतल्या एखाद्या मोठ्या वस्तीत याहून अधिक माणसे राहतात.

संडूर पूर्ण अर्थाने सार्वभौम राष्ट्र नव्हते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ब्रिटिश अमदानीतील शेकडो संस्थानांपैकी ते एक होते. तथापि त्याला स्वतःचा राजा होता, स्वतःचा कारभार होता आणि कंपनी सरकारने दिलेल्या सनदेनुसार त्याच्यावर कोणतीही खंडणी नव्हती. इतके लहान राज्य इतकी वर्षे टिकले कसे, या प्रश्नाने मला संडूरची गोडी लावली. त्याचे उत्तर मला दरबाराच्या कागदांपेक्षा तेथील डोंगरांतच अधिक सापडले.

घोरपड्यांचे खोरे

घोरपडे हे आडनाव आपल्या भागाला नवे नाही. मुधोळचे घोरपडे आपल्या शेजारचेच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात ज्या संताजी घोरपडे यांच्या नावाने मोगल छावणीचा थरकाप उडत असे, ते सेनापती संताजी, त्यांचे बंधू बहिर्जी आणि मालोजी यांनी या कुळाचे नाव दक्षिणेत दूरवर नेले. संताजींना ‘ममलकतमदार’, बहिर्जींना ‘हिंदुराव’ आणि मालोजींना ‘अमीर-उल-उमराव’ असे किताब मिळाले. यांपैकी हिंदुराव आणि ममलकतमदार ही बिरुदे संडूरचे राजे अखेरपर्यंत आपल्या नावामागे-पुढे लावीत असत.

१७२८ मध्ये सिद्धोजी घोरपडे यांनी बेडर पाळेगाराकडून हे खोरे जिंकून घेतले. गुत्तीचे सुप्रसिद्ध मुरारराव घोरपडे याच घराण्याचे. कर्नाटकातील अठराव्या शतकाच्या राजकारणात निजाम, फ्रेंच, इंग्रज आणि हैदरअली या सर्वांना त्यांची दखल घ्यावी लागली. परंतु १७७६ मध्ये गुत्ती पडली. मुरारराव हैदरच्या कैदेत गेले आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. संडूरही हैदरच्या ताब्यात गेले. खोऱ्यात कृष्णानगर येथे हैदरने किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. ते टिपूच्या काळात पूर्ण झाले आणि तेथे त्याची शिबंदी बसली. १७९० मध्ये, टिपू इंग्रजांशी युद्धात गुंतलेला असताना, घोरपड्यांनी ती शिबंदी हुसकावून आपले खोरे परत मिळविले.

येथून पुढची कथा आपल्याला विशेष जवळची आहे, कारण तिच्यात आपले धारवाड येते.

१७९६ मध्ये संडूरचा अल्पवयीन वारस सिद्धोजी निधन पावला आणि त्याच्या विधवेने शिवराव यांना दत्तक घेतले. पुण्याच्या दरबाराला ही व्यवस्था मान्य नव्हती. पेशव्यांच्या लेखी संडूर ही त्यांनी द्यावी आणि त्यांनीच काढून घ्यावी अशी जहागीर होती. शिवरावांनी मात्र ताबा सोडला नाही. १८१५ मध्ये दुसरा बाजीराव फौज घेऊन कुमारस्वामीच्या यात्रेच्या निमित्ताने संडूरवर चालून आला. हेतू यात्रेचा नाही हे ओळखून शिवरावांनी खिंडी अडविल्या आणि पेशव्यांना निवडक माणसांसह दर्शन घेऊन परत जाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली. एवढ्याशा राज्याने साक्षात पेशव्यांना देवदर्शनापुरते आत घ्यावे आणि तसेच परत पाठवावे, हा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे. हे शक्य झाले ते डोंगरांमुळे. खोऱ्यात शिरण्याच्या वाटा मोजक्या आणि अरुंद होत्या. थोड्या माणसांनी त्या रोखून धरता येत.

स्वतःच्या बळावर जे जमले नाही ते पेशव्यांनी इंग्रजांकडून करवून घेतले. तहांतील कलमांनुसार पेशव्यांच्या सरदारांना वठणीवर आणण्याचे काम कंपनीच्या गळ्यात पडले होते. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने धारवाड कंपनीकडे आले आणि येथील व्यवस्था लावण्यासाठी कर्नल टॉमस मन्रो धारवाडात दाखल झाला. त्यालाच संडूर घेण्याचा हुकूम झाला. ऑक्टोबर १८१७ मध्ये तो धारवाडहून फौजेसह निघाला. समोर कंपनीचे सैन्य पाहून शिवरावांनी रक्तपात टाळला आणि कृष्णानगरचा किल्ला लढाईविना त्याच्या हवाली केला.

आणि मग दैवाने फासे फिरविले. किल्ला हाती आला न आला तोच, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. ज्या पेशव्यांसाठी संडूर जिंकले त्यांच्याशीच इंग्रजांचे युद्ध जुंपले आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. आता संडूर कोणासाठी ठेवायचे? मन्रोच्याच शिफारशीवरून ते शिवरावांना परत देण्यात आले आणि १८२६ मध्ये, मन्रो मद्रासचा गव्हर्नर असताना, त्यांना रीतसर सनद मिळाली. ज्याने राज्य घेतले त्याच्याच हातून ते परत मिळाले! आपल्या धारवाडातून निघालेली ती मोहीम अशा रीतीने संडूरच्या पुढच्या सव्वाशे वर्षांच्या अस्तित्वाची नांदी ठरली.

रामनदुर्ग : आजारी सैनिकांचे विश्रामस्थान

लहान राज्याने मोठ्या सत्तेच्या शेजारी कसे राहावे? संडूरने आपल्यापुरते एक उत्तर शोधले. मोठ्याला जे हवे ते आपल्या डोंगरात असेल तर ते त्याला भाडेपट्ट्याने द्यावे आणि राज्य राखावे.

वैद्यकीय व्यवसायातील वाचकांना यातील पहिला करार नक्कीच रंजक वाटेल. बळ्ळारी ही मद्रास इलाख्यातील मोठी लष्करी छावणी होती आणि तिथला उन्हाळा गोऱ्या सैनिकांना असह्य होई. संडूरच्या पश्चिमेकडील डोंगररांगेवर रामनदुर्ग नावाचे सुमारे ३,२०० फूट उंचीचे पठार आहे. १८४६-४७ च्या सुमारास ते मद्रास सरकारने संडूरच्या राजांकडून कराराने घेतले आणि आजारातून उठणाऱ्या सैनिकांसाठी तेथे आरोग्यधाम उभारले. बराकी, बंगले, रस्ते झाले. दक्षिणेतील छोट्या गिरिस्थानांत रामनदुर्गाची गणना होऊ लागली.

तो काळ ध्यानात घ्यावा. हिवतापाचा परजीवी लाव्हेराँला दिसला तो १८८० मध्ये. डासाच्या पोटात तो रॉसने सिकंदराबादेत शोधला तो १८९७ मध्ये. त्याआधीची पन्नास वर्षे ताप ‘दूषित हवेने’ येतो अशीच समजूत होती. निदान चुकीचे, पण उपचार काही अंशी बरोबर, असा हा प्रकार. बळ्ळारीपेक्षा हे पठार सुमारे दीड हजार फूट उंच. तेवढ्या उंचीने तापमान तीनेक अंशांनी उतरते, वारा खेळता राहतो, गर्दी नसते. रुग्णाला विश्रांती, गार हवा आणि स्वच्छ पाणी मिळाले म्हणजे तो सुधारणारच! कारण कळण्याच्या कितीतरी आधी गुण येतो, हे आपल्या शास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडलेले आहे. आज रामनदुर्गावर त्या वैभवाच्या पडक्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. धुक्यातून त्या भिंतींपाशी उभे राहिले असता, आपल्या घरापासून हजारो मैलांवर अशक्तपणे अंगणात बसलेले ते तरुण सैनिक मला दिसू लागतात.

लोखंडाचे डोंगर

दुसरा करार मातीचा. संडूरची माती पाहिल्याबरोबर कळते की येथे लोह आहे. पायवाटा तांबड्या, ओढे तांबडे, पांढरे धोतर नेसून फिरून आले तर तेही तांबडे. कुमारस्वामीच्या डोंगराला परंपरेने ‘लोहाचल’ म्हटले जाते. स्थलपुराण रचणाऱ्यांना भूगर्भशास्त्र ठाऊक नसेल, परंतु डोळे होते. पूर्वी येथील काही गावांत लोहार भट्ट्या लावून लोखंड गाळीत. कोळशासाठी लागणारे लाकूड दुर्मिळ झाले, विलायतेचे स्वस्त लोखंड बाजारात आले आणि त्या भट्ट्या विझल्या.

भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बळ्ळारी प्रदेशाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. संडूरच्या लोहखनिजाची थोरवी त्यातून जगापुढे आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जनरल संडूर मायनिंग कंपनी मँगनीज काढू लागली. पोलाद कठीण आणि चिवट करण्यासाठी मँगनीज लागते. त्यामुळे युरोपातील भट्ट्यांना संडूरच्या मातीची गरज भासू लागली. ज्वारीवर आणि जंगलावर गुजराण करणाऱ्या राज्याला उत्पन्नाचे नवे साधन लाभले.

अखेरचे राजे यशवंतराव हिंदुराव घोरपडे हे पुरोगामी वृत्तीचे होते. कुमारस्वामीचे प्राचीन मंदिर त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभीच हरिजनांना खुले केले. त्रावणकोरची विख्यात मंदिरप्रवेश घोषणा १९३६ ची, हे लक्षात घेतले म्हणजे या लहान दरबाराचे धैर्य कळते. १९३४ मध्ये हरिजन यात्रेच्या काळात महात्मा गांधी संडूरला आले. ‘संडूर पाहावे ते सप्टेंबरात’ हा सल्ला त्यांच्याच नावावर सांगितला जातो. तो कोणाचाही असो, पावसाळ्याच्या अखेरीस तेथे जाऊन आलेला मनुष्य त्याच्याशी असहमत होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या कक्षेतील पुदुकोट्टै आणि बनगनपल्ले ही संस्थाने १९४८ च्या आरंभी विलीन झाली. संडूर १ एप्रिल १९४९ रोजी मद्रास प्रांतात विलीन झाले आणि बळ्ळारी जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी बळ्ळारीसह ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. राज्य गेले, परंतु घराण्याने खोरे सोडले नाही. १९५४ मध्ये यशवंतरावांनी संडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी स्थापन केली. त्यांचे पुत्र मुरारराव, म्हणजे एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११), देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. पुढे पंचायत राज खात्याचे मंत्री म्हणूनही त्यांनी नाव मिळविले. वन्यजीवांचे छायाचित्रकार ही त्यांची आणखी एक ओळख. राजवाड्याच्या परिसरातील निवासी शाळा आणि लंबाणी स्त्रियांच्या भरतकामाचे केंद्र ही त्या घराण्याच्या प्रोत्साहनाने उभी राहिलेली कामे आहेत. आरसे आणि कवड्या गुंफलेल्या या भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९७७ पासून सरकारी क्षेत्रातील एन.एम.डी.सी.ची दोणिमलै खाणही याच तालुक्यात चालू आहे.

काय पाहावे

जाणाऱ्यांनी निदान दोन दिवस हाताशी ठेवावेत. नारीहळ्ळ हा ओढा पश्चिमेकडील भीमगंडी खिंडीतून खोऱ्यात येतो आणि पूर्वेकडील ओबळगंडी खिंडीतून बाहेर पडतो. ओबळगंडीचे तांबडे कडे पाहिले म्हणजे शिवरावांनी पेशव्यांना कोठे आणि कसे अडविले असेल याची कल्पना येते. ओढ्यावर आता धरण झाले असून त्याचा जलाशय पावसाळ्यानंतर फार रमणीय दिसतो. हेच पाणी पुढे दरोजीच्या तलावाला मिळते आणि त्या परिसरातच १९९४ मध्ये घोषित झालेले अस्वलांचे अभयारण्य आहे.

गावापासून दहा-बारा किलोमीटरांवर दाट झाडीत पार्वती आणि कुमारस्वामी यांची मंदिरे आहेत. पार्वतीचे मंदिर बदामी चालुक्यांच्या काळातले, आठव्या शतकाच्या आसपासचे. कुमारस्वामीचे राष्ट्रकूटांच्या काळातले. बदामी-पट्टदकल पाहिलेल्या धारवाडकरांना ही शैली ओळखीची वाटेल. मातेवर रुसलेल्या कार्तिकेयाने तिचे दूध ओकून टाकले आणि तेच येथील पांढऱ्या मातीच्या रूपाने विभूती म्हणून मिळते, अशी कथा आहे. पुण्याच्या पर्वतीवरील कार्तिकस्वामीप्रमाणेच येथेही परंपरेने स्त्रिया गाभाऱ्यात जात नाहीत. संडूर गावात राजवाडा आहे. शिवविलास हे त्याचे नाव, आणि आता तेथे पाहुण्यांची राहण्याची सोयही होते. कृष्णानगरचा किल्ला वाटेतच लागतो. हैदरने सुरू केलेल्या, टिपूने पुरा केलेल्या आणि मन्रोच्या स्वाधीन झालेल्या त्या तटावर आता शेळ्या चरतात.

डोंगर कोण राखणार?

येथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख निव्वळ सहलीचे टिपण झाला असता. परंतु संडूरविषयी लिहायचे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांविषयी मौन पाळायचे, हे वैद्याने रुग्णाचा जुना इतिहास लिहून सध्याची तक्रार वगळण्यासारखे होईल.

२००३-०४ पासून चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाचे भाव भडकले. ज्या डोंगरांतून शंभर वर्षे बेताने माती निघत होती ते दिवसरात्र फोडले जाऊ लागले. ट्रकांच्या रांगा, रस्त्यांची चाळण, झाडांवर तांबडा थर, ओढ्यांत तांबडा गाळ. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा अहवाल आला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबविले. २०१३ मध्ये सर्वांत गंभीर उल्लंघने असलेले पट्टे रद्द झाले, उरलेल्यांवर अटी आल्या आणि जिल्ह्याच्या वार्षिक उत्पादनाला अडीच कोटी टनांची मर्यादा घालण्यात आली. ती मर्यादा २०२२ मध्ये वाढविण्यात आली. २०२४ मध्ये देवदारी टेकडीवरील सुमारे ४०० हेक्टर वनजमिनीवर नव्या खाणीचा प्रस्ताव गाजला. त्यात तोडाव्या लागणाऱ्या झाडांचा आकडा लाखाच्या घरात होता.

खाणी नकोतच, असे मी म्हणणार नाही. ज्या स्टेथोस्कोपने आणि ज्या शस्त्रांनी आपण काम करतो त्यांत कोठल्या तरी डोंगराचे लोखंड आहेच. खाणींवर हजारो घरांच्या चुली पेटतात. काम थांबले तेव्हा पहिली झळ मजुरांना आणि ट्रकचालकांना लागली, हेही विसरता येत नाही. परंतु डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. निव्वळ लोहाची धूळ फुप्फुसात साठली तर क्ष-किरण चित्रात ठिपके दिसतात, पण अपाय त्या मानाने कमी; तिच्यात सिलिका मिसळलेली असेल तर मात्र सिलिकोसिस होतो, तो परत फिरत नाही आणि क्षयाची वाट सोपी करून देतो. मँगनीजची धूळ किंवा धूर दीर्घकाळ शरीरात जात राहिला तर मेंदूच्या गाभ्यावर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे दिसतात. होसपेट-संडूरकडून खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला मी आधी त्याचे काम विचारतो: खाणीत की ट्रकवर, ओल्या मातीत की कोरड्या, किती वर्षे. हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो न विचारल्यास क्षयाची औषधे चालू राहतात आणि धूळही चालू राहते. आपल्या तरुण सहकाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या सवयीचा भाग करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संडूरच्या इतिहासाकडे एकत्र पाहिले म्हणजे एक सूत्र हाती लागते. डोंगरांनी आधी तटबंदी होऊन शत्रूला अडविले, मग आरोग्यधाम होऊन मोठ्या सत्तेचा लोभ सांभाळला, मग खनिज होऊन खोऱ्याचा संसार चालविला. तटबंदी वापरली म्हणून झिजत नाही. गार हवा कितीही घेतली तरी संपत नाही. खनिज मात्र एकदा गेले की गेले, आणि त्याच्याबरोबर डोंगरही जातो. पहिल्या दोन करारांच्या वेळी राजांना हा प्रश्न पडला नव्हता. आता तो आपल्याला पडला पाहिजे, कारण आता तेथे राजा नाही, आपणच आहोत.

सान मारिनोला अवश्य जावे. पण त्याआधी एकदा, पाऊस सरता सरता, होसपेटला उतरून दक्षिणेची वाट धरावी. ओबळगंडीच्या कड्याखाली उभे राहून वर पाहावे. सव्वादोनशे वर्षांचे एक छोटेसे राज्य ज्यांच्या आधाराने उभे होते, ते डोंगर अजून तेथे आहेत. आपल्या मुलांना ते डोळ्यांनी दाखविता येतील तोवर दाखवून घ्यावेत.